‘छपरावर चढल्याशिवाय छप्पर कळत नाही’ : एका लोकप्रिय सल्ल्याचा प्रतिवाद

पावसाळा तोंडावर आला की कोकणातल्या कौलारू आणि पत्र्याच्या घरांसाठी एक सल्ला भ्रमणध्वनीवरून हातोहात फिरू लागतो. त्याचा आशय थोडक्यात असा : जमिनीवरून छपराचे काहीच कळत नाही, म्हणून घरातल्याच एखाद्या धडधाकट माणसाने वर चढून पाहावे, मंगलोरी कौल माणसाचे वजन सहज पेलते, सिमेंटच्या पत्र्यावर हुकांच्या रेषेतून चालले की धोका नसतो, वादळ ओसरताच पुढच्या सरीआधी वर जावे, कमरेला दोर बांधला की भीतीचे कारण उरत नाही, आणि मजुरीही वाचते. पावसाआधी छप्पर तपासावे, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. मात्र छप्पर पाहणे आणि छप्पर दुरुस्त करणे ही दोन वेगळी कामे आहेत, याचा या सल्ल्याला विसर पडला आहे. दुरुस्तीसाठी कोणाला तरी वर जावेच लागते. पाहणीचे काम मात्र अंगणातून आणि माळ्यावरून बव्हंशी पुरे होते, आणि काही बाबतींत तर ते वर चढून केलेल्या पाहणीपेक्षा अधिक चांगले होते.

‘जमिनीवरून काहीच दिसत नाही’ हे विधान भिंतीला लागून उभे राहणाऱ्यापुरते खरे आहे, कारण तेथून फक्त वळचण दिसते. मागे किती सरायचे याचा हिशेब सोपा आहे. वळचण 3 मीटर उंचीवर, पाहणाऱ्याचा डोळा दीड मीटर उंचीवर आणि छपराचा उतार सुमारे 30 अंशांचा धरला, तर वळचणीपासून साधारण 2.6 मीटर मागे गेल्यावर अख्खे पाखे, म्हणजे छपराची ती उतरती बाजू, नजरेच्या टप्प्यात येऊ लागते, आणि 10 मीटरवरून ते आढ्यापर्यंत, म्हणजे छपराच्या माथ्यापर्यंत, नीट वाचता येते. खळे तेवढे मोठे नसेल तर समोरचा रस्ता, शेजाऱ्याचे अंगण किंवा गच्ची उपयोगी पडते. वेळ सकाळची किंवा संध्याकाळची निवडावी, कारण तिरप्या उन्हात आपल्या ओळीतून उचललेल्या किंवा घसरलेल्या कौलाची सावली लगेच उठून दिसते. भर दुपारी तेच कौल इतरांत मिसळून जाते.

पाहायचे काय, हेही ठरलेले असावे. प्रथम आढ्याची रेघ पाहावी. ती मध्येच खचलेली दिसली, तर दोष कौलांचा नसून खालच्या वाशांचा किंवा तुळईचा असण्याची शक्यता मोठी असते. मग कौलांच्या आडव्या ओळी पाहाव्यात. एखादी ओळ पोट काढून खाली झुकलेली असेल, तर तेथील रीप, म्हणजे कौले ज्यावर अडकतात ती आडवी पट्टी, वाकली किंवा कुजली आहे, असे समजून पुढे तपास करावा. छपराच्या कडा, कोपरे आणि आढे यांवर वाऱ्याची उचल सर्वाधिक असते, म्हणून तेथील कौलांकडे दुर्बिणीतून किंवा भ्रमणध्वनीच्या कॅमेऱ्याने चित्र मोठे करून निरखून पाहावे. दोन पाखी जेथे मिळतात, त्या पन्हळीत पालापाचोळा साचलेला दिसला तर गळतीचे निम्मे कोडे तेथेच सुटते. शेवटी घराभोवती एक फेरी मारून कौलांचे तुकडे, आढ्यावरच्या चुन्याचे किंवा सिमेंटचे ढलपे पडले आहेत का, ते पाहावे. ज्या गावांत माकडांचा वावर आहे तेथे ही फेरी पावसाळ्यापुरती ठेवून भागत नाही, कारण कौले फोडायला माकडांना मुहूर्त लागत नाही.

वर चढणाऱ्याला जे कधीच दिसणार नाही, ते घराच्या आतून दिसते. भर दुपारी माळ्यावरच्या खिडक्या बंद करून काळोख केला की फुटलेल्या कौलातून आणि सरकलेल्या सांध्यांतून प्रकाशाचे ठिपके उमटतात. प्रत्येक ठिपका म्हणजे गळती नव्हे. कौलारू छपराच्या सांध्यांतून तिरपा उजेड थोडा येतोच. खाली जमिनीवर उन्हाचा स्पष्ट कवडसा पडत असेल, तर मात्र तेथे भोक आहे. वाशांवर आणि रिपांवर पाण्याचे काळपट ओघळ, वाळवीच्या मातीच्या नळ्या, लाकडाखाली साचलेला पिठासारखा भुसा, हे सारे आतच सापडते आणि छपराचे आयुष्य कौलांपेक्षा यांवर अधिक ठरते. येथे एक सावधगिरी हवी : डाग जेथे आहे, भोक त्याच्या बरोबर वर असेलच असे नाही. पाणी वाशाच्या उतारावरून धावत खाली येते आणि मग कोठेतरी टपकते, म्हणून डागापासून वर, आढ्याच्या दिशेने माग काढावा. ही पाहणी शक्यतो पायाखाली पक्की फळी असलेल्या माळ्यावरूनच करावी. माळाच कुजका असेल तर खालून विजेरीच्या उजेडात जेवढे दिसेल तेवढ्यावर भागवावे.

पाण्याची परीक्षा घेणाऱ्यांसाठी एक सूचना. अंगणात उभे राहून नळीचा जोरदार फवारा खालून वर मारला, तर पाणी कौलांच्या जोडाखाली उलटे घुसते आणि धड छप्परही गळके ठरते. या चाचणीवर विश्वास ठेवू नये. पहिल्या एकदोन सरींत माळ्यावर किंवा खोलीत बसून पाहिलेले अधिक खरे असते.

‘मंगलोरी कौल माणसाचे वजन सहज पेलते.’ बासेल मिशन या ख्रिस्ती धर्मप्रसारक संस्थेने 1865 मध्ये मंगळुरात कौलांचा कारखाना काढला, त्याला दीडशेहून अधिक वर्षे झाली, आणि कोकणात कित्येक घरांवर आजोबा-पणजोबांच्या काळची कौले अजून आहेत. चांगले नवे कौल मजबूत असते, यात शंका नाही. पण जुन्या कौलात केसासारखी चीर असू शकते, ज्या रिपेवर ते अडकले आहे ती आतून पोखरलेली असू शकते, आणि वरून पाय टाकणाऱ्याला यांपैकी काहीही दिसत नाही. पाऊल पडते ते स्थिर वजन म्हणून नव्हे, धक्का म्हणून. कौले चाळणारे, म्हणजे ती काढून पुन्हा नीट बसवणारे, अनुभवी गडी कौलांवर नाचत नाहीत. ते ओळीओळीने कौले काढतात आणि उघड्या झालेल्या वाशा-रिपांचा अंदाज घेत पाय ठेवतात. नवख्याने कौलांवरून मारलेली फेरी पाहणी ठरत नाही, कारण तिच्यात दोनचार कौले फुटतात, दहाबारा सरकतात आणि जूनमध्ये त्या नव्या जागा गळू लागतात.

पत्र्याविषयीचा सल्ला सर्वांत घातक आहे, म्हणून त्याबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे. हुकांची रेषा खालची आधाराची पट्टी कोठे आहे ते सांगते. पत्रा किती जीर्ण झाला आहे ते सांगत नाही. सिमेंटचा पत्रा वयानुसार ठिसूळ होतो आणि हुकाच्या भोकांभोवतीच त्याला चिरा पडतात, म्हणजे ज्या रेषेला सुरक्षित म्हटले जाते तेथेच तो पुष्कळदा अधू असतो. शिवाय त्या अरुंद रेषेवरून तोल सांभाळत चालताना पाय इंचभर चुकला, तरी खाली पोकळी असते. ठिसूळ पत्रा मोडताना आधी इशारा देत नाही. माणूस थेट खालच्या फरशीवर येतो. उजेडासाठी बसवलेला प्लास्टिकचा पत्रा धूळ आणि शेवाळ बसून इतरांसारखाच दिसू लागला, तर धोका आणखी वाढतो. ब्रिटनमधील कामगार-सुरक्षेच्या मार्गदर्शनात प्रत्येक छप्पर, जाणकाराने खात्री देईपर्यंत, ठिसूळच समजावे असे सांगितले आहे, आणि हा नियम आपल्याकडे जसाच्या तसा घेण्यासारखा आहे. जुन्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉसही असते, तेव्हा ते फोडणे, घासणे किंवा कोरडे झाडणे हा वेगळाच अपाय होय.

‘वादळ ओसरताच वर जावे’ या सल्ल्यामागची घाई समजण्यासारखी आहे. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले तेव्हा पावसाळा उंबरठ्यावर होता, आणि उघड्या पडलेल्या घरांना एक दिवसही थांबणे जड होते. पण नेमक्या त्याच वेळी कौलांवरचे शेवाळ ओले असते, मोडलेल्या फांद्या वर लटकत असतात, आणि खांबावरून घरात येणारी सर्व्हिस वायर तुटून पत्र्याला टेकली असेल तर सारे छप्परच विजेच्या प्रवाहात असू शकते. गावाची वीज गेली आहे म्हणून तार मृत आहे असे मानू नये. पुरवठा केव्हाही सुरू होतो. तार पडलेली दिसली तर घराबाहेर लांब राहून महावितरणला 1912 वर कळवावे. तोवर जमिनीवरून चारही बाजूंची छायाचित्रे काढून ठेवावीत, म्हणजे पंचनाम्यालाही ती उपयोगी पडतात, आणि घरातले सामान गळतीच्या जागेखालून हलवावे.

कमरेच्या दोराबद्दल फार लिहायला नको. खाली उभ्या माणसाने धरलेला दोर पडणाऱ्याला अडवत नाही, उलट धरणाऱ्यालाही ओढून नेऊ शकतो. आणि दोर पक्का बांधलेला असला, तरी पडण्याचा सगळा झटका कमरेवर आणि पोटावर आल्याने आतल्या अवयवांना इजा होते. मांड्या, छाती आणि खांदे यांवर भार वाटणारा पूर्ण अंगाचा पट्टा आणि तो अडकवायला भक्कम आधार लागतो, जो कुजक्या वाशाला बांधून मिळत नाही.

जमिनीवरून सगळेच दिसते, असा उलटा दावाही मी करणार नाही. पन्हळीच्या पत्र्याचा गंजलेला तळ, कौलातली बारीक चीर, घरामागे दरड किंवा दाट झाडी असल्यास तिकडचे पाखे, या गोष्टी निसटतात. त्यांसाठी ड्रोनचा पर्याय आता अनेक तालुक्यांत लग्नाची छायाचित्रे काढणाऱ्यांकडेही असतो. उडवण्यापूर्वी त्या हद्दीत परवानगी आहे की नाही, एवढे पाहून घ्यावे. ते जमत नसेल, तर शंका असलेला भाग कागदावर खूण करून कसबी गड्यावर सोपवावा.

मजुरी वाचते, हा उरलेला मुद्दा. गडी येईल तेव्हा त्याच्या हाती पाख्यांचा कच्चा आराखडा, फुटक्या कौलांची मोजदाद आणि डागांच्या जागा असतील, तर त्याचा शोधण्यातला वेळ वाचतो आणि रोजंदारी तिथे खऱ्या अर्थाने कमी होते. कौले आधी आणून ठेवायची असतील, तर माळ्यावरून जुन्या कौलाच्या पोटावरचा कारखान्याचा छाप वाचून घ्यावा. वेगवेगळ्या कारखान्यांच्या साच्यांत थोडा फरक असतो, त्यामुळे एकाच्या खाचेत दुसऱ्याचे कौल नीट बसत नाही, आणि न बसलेल्या कौलाच्या फटीतून पहिल्याच झडीला पाणी आत येते.