गिअरचा दात तुटलाय? डिझेलने इंजिन धुऊन भागणार नाही

घोडबंदर रोडच्या बाईक रायडर ग्रुपांवर सध्या एक फॉरवर्ड फिरतोय. गिअरचा दात तुटून तेलात चुरा दिसला तरी इंजिन खोलू नका म्हणे. जुनं तेल काढा, अर्धा लिटर डिझेल ओता, दहा मिनिटं गाडी आयडलिंगला ठेवा, काढून टाका. उरलंसुरलं फिल्टर अडवेल, ड्रेन बोल्टला (तेल काढायच्या खालच्या बोल्टला) चुंबक लावला की काम फत्ते.

आधी मला सांगा, तुटलेला गिअर बदलणार कसा? आपल्याकडच्या बहुतेक सिंगल सिलिंडर गाड्यांत गिअरचे शाफ्ट चेंबरच्या, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पेटीच्या, दोन अर्ध्यांच्या मध्ये बसलेले असतात. म्हणजे हेड, ब्लॉक, क्लच, मॅग्नेट (वीज बनवणारं चुंबकाचं चाक) सगळं उतरवायचं; गॅरेजच्या भाषेत फुल इंजिन. जो खर्च वाचवायला डिझेलचा घाट घातला, तो टळतच नाही. आणि गिअर तसाच ठेवणार असाल तर तो नवा चुरा पाडतच राहणार, मग धुता कशाला?

डिझेलने चिकट काळी राड सुटते, हे खरं. पण पोलाद डिझेलच्या नऊपट जड. चेंबरच्या खाचेत बसलेला तुकडा आयडलिंगला जागचा हलत नाही. हलतो तो बारीक कीस, आणि तो तेलाबरोबर पंपात ओढला जातो. इंजिन, क्लच, गिअर सगळे एकाच तेलात; तेच तेल पंप पिस्टनने फिरणाऱ्या क्रँकला आणि वर व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टला पाठवतो. वर डिझेलने ते पातळ झालेलं, म्हणजे कीस फिरतोय नेमका तेव्हाच तेलाचा थर कमजोर. (जुनी कास्ट आयर्न बुलेट अपवाद. तिचा गिअरबॉक्स वेगळा. कुणा बुलेटवाल्या काकांचा सल्ला गाड्या बदलल्या तरी तसाच फिरत असावा.)

फिल्टरचं म्हणाल तर तो लागतो पंपानंतर. पंपाच्या आधी नुसती जाळी. तिच्यातून निसटलेला कीस पंपाच्या रोटरवर (आतल्या फिरत्या चाकावर) चरे पाडूनच पुढे जातो. जुन्या स्प्लेंडरमध्ये तर कागदी फिल्टरच नाही. जाळी आणि क्रँकबरोबर गरगर फिरून घाण कडेला फेकणारा सेंट्रिफ्युगल फिल्टर, बस्स.

चुंबक लावा, माझी हरकत नाही. पण तो अ‍ॅल्युमिनियम आणि ब्राँझ धरत नाही, आणि तुटका दात फिरताना चेंबरची भिंत खरवडतो ती अ‍ॅल्युमिनियमचीच. शिवाय ज्या गाड्यांत मॅग्नेट तेलात फिरतो, तिथे इंजिनात आधीच एक तगडा चुंबक आहे. कव्हर उघडून बघा, मॅग्नेटच्या आतल्या बाजूला पोलादाची कुसळं दाढीसारखी उभी असतात. ती डिझेलने सुटत नाहीत, कापडाने टिपून काढावी लागतात.

मग करायचं काय? काढलेलं तेल पांढऱ्या फडक्यातून गाळा. नव्या गाडीच्या पहिल्या सर्व्हिसला दिसते तशी करडी, मऊ पेस्ट असेल तर घाबरू नका. नखाला टोचणारा तुकडा मात्र धोक्याचा. चेंबर उघडल्यावर सापडलेले तुकडे कागदावर तुटक्या गिअरशेजारी मांडा आणि दात पूर्ण जुळतो का बघा. जुळत नसेल तर उरलेला तुकडा अजून आतच आहे, शोधा. तेलाच्या वाटा रॉकेलने धुऊन दोन्ही बाजूंनी हवा मारा. पेट्रोल नको, गॅरेजमध्ये एक ठिणगी पुरते. बेरिंगवर हवा मारून ते गरागरा फिरवायची काही पोरांना सवय असते, ती करू देऊ नका. धुवा, तेल लावा, हाताने फिरवा. जरा जरी करकर लागली तर नवं टाका. गिअरशेजारची बेरिंगं बहुधा उघडी असतात, चुरा आधी तिथेच शिरतो. ऑइल पंप खोलून रोटर नखाने तपासा. पल्सर २२०सारखा ऑइल कूलर असेल तर तोही धुवा. त्याच्या बारीक नळ्यांत कीस दडून बसतो, आणि हाच भाग हमखास विसरला जातो.

जोडणी झाल्यावर ठाणे-बेलापूर रोडला दोन-चार फेऱ्या मारा, मग पहिलं तेल उतरवून पुन्हा फडक्यातून गाळा.