आधी टूल घ्या, काम मागाहून शोधू

परवाच्या रिव्ह्यूत मोठ्या साहेबांच्या तोंडून ‘एमबीएसई’ ही चार अक्षरं बाहेर पडली असतील, तर अभिनंदन. आता तुम्हाला टूल निवडायचं आहे. कशासाठी, हे मात्र विचारू नका. विचारणाऱ्याला मीटिंगचे मिनिट्स लिहायला बसवतात.

तशी एमबीएसईमागची, म्हणजे मॉडेल-बेस्ड सिस्टिम्स इंजिनिअरिंगमागची, कल्पना अगदी साधी आहे. स्कूटरची बॅटरी किती तापली की चार्जिंग तोडायचं, हे एका वर्ड फाइलमध्ये असतं. सेन्सर कुठे बसवायचा ते दुसऱ्याच ड्रॉइंगमध्ये, आणि टेस्ट तिसऱ्याच माणसाच्या एक्सेलमध्ये, जो सध्या रजेवर आहे. हे सगळं एका मॉडेलमध्ये एकमेकांना जोडून ठेवायचं. मग ६० अंशांचे ५५ झाले की काय काय हलतं ते लगेच दिसतं. पण इतक्या साध्या गोष्टीला कोणी बजेट मंजूर करत नाही. म्हणून तुलनेचा तक्ता करा.

तक्त्यात निकष किमान चाळीस हवेत. त्याहून कमी असले तर अभ्यास केल्यासारखं वाटत नाही. प्रत्येकाला वेटेज द्या, गुण भरा, बेरीज करा, आणि साहेबांच्या मनातलं टूल पहिलं येईपर्यंत वेटेज बदलत राहा. आमच्याकडे ‘लुक अँड फील’ या निकषाचं वेटेज एका संध्याकाळी सहा ते साडेसातच्या दरम्यान ५ वरून २५ वर गेलं. ‘रिक्वायरमेंट बदलली तर परिणाम दाखवतं का’ हा निकष त्याच दीड तासात तक्त्यातून गळाला. जागा पुरत नव्हती म्हणे.

डेमो जरूर घ्या. डेमोत कॉफी मशीन नाहीतर ड्रोन असतो. एका चौकोनावर टिचकी मारली की दुसरा उजळतो, बाण पळतात, मागच्या रांगेतले दोघं जागे होतात. अशा वेळी ‘ही आमची अडीच हजार रिक्वायरमेंट्सची फाइल, जरा यात ओढून दाखवता का?’ असलं काही बोलू नका. पाहुणा घरी आलेला असतो.

काही टूलं टाळलेलीच बरी. कॅपेला घ्या. थेल्स या फ्रेंच कंपनीनं स्वतःच्या कामासाठी बनवलेलं हे टूल २०१४ पासून ओपन सोर्स आहे, म्हणजे फुकट. पर्चेसवाल्यांना इथेच घाम फुटतो: फुकट असेल तर डिस्काउंट कशावर मागायचा? शिवाय टूल उद्धट आहे. अर्काडिया नावाची एक पद्धत त्याच्या पोटातच आहे, आणि तिची पहिली पायरी विचारते की वापरणाऱ्या माणसाला नेमकं काय साधायचंय. तिथे आपल्या लाडक्या सिस्टिमचं नावही काढायचं नसतं. पैसे न घेता वर प्रश्न विचारणारं टूल हवंय कशाला?

पैसे देऊन घेतलेल्या टूलाच्या मालकाचं नाव मात्र पेन्सिलनं लिहा. रॅप्सडी हे मॉडेलिंगचं टूल आधी आय-लॉजिक्सचं होतं, मग टेलिलॉजिककडे गेलं आणि २००८ मध्ये, रिक्वायरमेंट्स सांभाळणाऱ्या डोअर्ससकट, आयबीएमच्या घरी नांदायला आलं. मॅजिकड्रॉ आणि कॅमिओ ही टूलं बनवणारी नो मॅजिक कंपनी २०१८ मध्ये दासो या फ्रेंच सॉफ्टवेअर कंपनीकडे गेली. प्रत्येक वेळी नाव बदलतं, लोगो बदलतो. तक्ता तुम्ही पहिल्या मालकाच्या भरवशावर भरलेला असतो.

निर्णय लांबवायचा असेल तर सिसएमएल व्ही-टूसारखं औषध नाही. सिसएमएल म्हणजे मॉडेलं काढायची एक भाषा. तिच्या या नव्या आवृत्तीसाठी ऑब्जेक्ट मॅनेजमेंट ग्रुप या प्रमाणकं ठरवणाऱ्या संस्थेनं २०१७ च्या डिसेंबरात प्रस्ताव मागवले आणि ती अधिकृतपणे स्वीकारली २०२५ मध्ये. ‘व्ही-टू येऊ दे, मग बघू’ म्हणणाऱ्यांची मधली सात-साडेसात वर्षं निवांत गेली, दोन प्रमोशनंही झाली. आता ती आली, तर ‘जरा स्थिरावू दे’ म्हणा.

आवृत्त्यांवरून आठवलं. एकाच टूलच्या दोन आवृत्त्या दोन ऑफिसांत असल्या तरी काळजी करू नका. एअरबसनंही केली नव्हती. ए-३८० च्या वेळी हॅम्बुर्गमध्ये कॅटिया या डिझाइनच्या सॉफ्टवेअरचं व्ही-फोर होतं, तुलूझमध्ये व्ही-फाइव्ह. विमानात ५०० किलोमीटरच्या वर वायरी. हॅम्बुर्गहून तुलूझला आलेले हार्नेस, म्हणजे वायरींचे जुडगे, विमानात बसेनात, २००६ मध्ये वेळापत्रक पुन्हा पुन्हा पुढे ढकललं, आणि पहिलं विमान ग्राहकाच्या हाती पडायला २००७ चा ऑक्टोबर उजाडला. ते विमान होतं म्हणून बोभाटा झाला. आपल्या स्कूटरची वायर दोन इंच कमी पडली तर लाइनवरचा पोरगा ती ओढून बसवतो.

एका टूलमधून दुसऱ्यात जायची वेळ आलीच तर एक्सएमआय नावाची प्रमाणित फाइल असते. आमच्या फाइलीतनं सगळे चौकोन सुखरूप पोचले, फक्त डाव्या वरच्या कोपऱ्यात, एकावर एक, विरार लोकलच्या दारात असावेत तसे. ते सोडवायला दोन ट्रेनी ठेवले. त्यांच्या बायोडेटावर आता ‘मॉडेल मायग्रेशन’ लिहिलेलं आहे.

लायसन्स किती घ्यायची? माणसं तेवीस असतील तर पाच. फ्लोटिंग, म्हणजे एका वेळी कोणीही पाच जण. सकाळी साडेनऊला ग्रुपवर पहिला मेसेज पडतो: ‘कुणीतरी लायसन्स सोडा रे, दोन मिनिटांचं काम आहे.’ कोणी सोडत नाही. त्यातला एक जण तर टूल उघडं ठेवून, स्क्रीन लॉक करून, खाली टपरीवर वडापाव खात असतो. मेसेज वाचतो, मिरची चावतो आणि फोन पालथा ठेवतो. त्याचंही चूक नाही. एकदा बंद केलं की संध्याकाळपर्यंत नंबर लागत नाही.

काम अडतं म्हणता? छे. बाकीचे अठरा जण पॉवरपॉइंटमध्ये चौकोन काढतात. साहेबांना तेच दाखवतात, सप्लायरला तेच पाठवतात, भांडणंही त्याच्यावरच होतात. मग शुक्रवारी दुपारी, ज्याच्या हाती लायसन्स लागेल तो स्लाइड शेजारी उघडी ठेवून तिच्यावरून मॉडेल काढतो. डॅशबोर्डवर ‘मॉडेल अपडेटेड’ हिरवं होतं. बॅटरीच्या ६० अंशांचे ५५ झाल्याचं आम्हाला कसं कळलं, ते विचाराल तर टेस्टिंगवाल्यानं जेवताना सांगितलं.

आणि एक, खंडेनवमी चुकवू नका. आमच्याकडे लेथपासून लॅपटॉपपर्यंत सगळ्या हत्यारांची पूजा होते. गेल्या वर्षी लायसन्स सर्व्हरलाही हळदीकुंकू लावून झेंडूचा हार घातला, पेढे वाटले. पुजलेलं हत्यार त्या दिवशी वापरायचं नसतं, त्यामुळे टूल कोणीच उघडलं नाही. दिवसभर पाचच्या पाच लायसन्स मोकळी होती.