म्हणे, मतं खाल्ली!

आज अमेरिकेतल्या निवडणुकांवरच्या एका चर्चेत पुन्हा तेच वाचलं. "२००० साली नेडरने मतं खाल्ली म्हणून गोर पडला." (अध्यक्षपदाच्या त्या लढतीत अल गोर डेमोक्रॅट, जॉर्ज बुश रिपब्लिकन आणि राल्फ नेडर छोट्या ग्रीन पार्टीचे.) डोकं सटकलं. गोरच्या नावावर ठेव होती का त्या मतांची, नेडरने खायला?

फ्लोरिडा या निर्णायक राज्यात बुश ५३७ मतांनी जिंकले आणि नेडरना ९७,४८८ मतं पडली. त्यातली थोडी इकडची तिकडे झाली असती तर निकाल फिरला असता, हे मान्य. पण त्या मतपत्रिकेवर दहा जण होते, आणि दोन मोठे सोडले तर उरलेल्या आठही जणांना ५३७ पेक्षा जास्त मतं आहेत. सोशलिस्ट वर्कर्स पार्टीच्या जेम्स हॅरिसना ५६२! मग त्यांनाही धरा की गुन्हेगार.

मुळात अमेरिकेत दोनच पक्ष का टिकतात, हे कोणी विचारत नाही. राज्यघटनेत पक्ष हा शब्दसुद्धा नाही. एकोणिसाव्या शतकात बराच काळ सरकार मतपत्रिका छापतही नव्हतं, पक्षच छापायचे. लांबट कागद, बऱ्याचदा रंगीत, वरपासून खालपर्यंत आपलेच उमेदवार. मतदार तो सगळ्यांदेखत पेटीत टाकायचा. त्या कागदाचं नाव तिकीट. आपल्याकडे 'तिकीट कापलं' म्हणतात, ते तिकीट मूळचं हे. नव्या पक्षाला फक्त छापखाना लागायचा. १८५४ साली रिपब्लिकन पक्ष जन्मला तेव्हा तोही नवखाच, आणि १८६० साली चौरंगी लढतीत ४० टक्क्यांहून कमी मतांवर लिंकन अध्यक्ष झाले.

१८८८ पासून एकेका राज्यात सरकारी, गुप्त मतपत्रिका आली. दमदाटी कमी झाली, चांगलंच झालं. पण आता कोणाचं नाव छापायचं हे कायदा ठरवणार, आणि कायदा करणारे त्याच दोन पक्षांचे! न्यूयॉर्कमध्ये राज्यभरच्या पदाला अपक्ष उभं राहायचं तर पूर्वी १५,००० सह्या लागत. २०२० पासून ४५,०००, त्याही सहा आठवड्यांत, आणि काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, किमान निम्म्या मतदारसंघांतून प्रत्येकी ५००. सही करणारा मतदार यादीत नाही, पत्ता जुळत नाही, दुसऱ्याच्या अर्जावरही सही केलेली आहे, अशा कारणांनी सह्या बाद होतात. साक्षीदाराच्या मजकुरात गफलत झाली तर अख्खं पान धोक्यात. म्हणून शहाणे लोक दीडपट-दुप्पट सह्या गोळा करतात. टेनेसीत मात्र अध्यक्षपदाच्या अपक्षाला २७५ पुरतात. देश एक, परीक्षा पन्नास.

एवढं करून नाव छापून आलं तरी पुढे इलेक्टरांचं गणित आहेच: अध्यक्ष ठरतो तो राज्याराज्यांतून निवडलेल्या या प्रतिनिधींच्या मतांवर. ४८ राज्यांत पहिल्या नंबरला सगळे इलेक्टर, दुसऱ्याला भोपळा. १९९२ साली अपक्ष रॉस पेरो यांना जवळपास १९ टक्के मतं मिळाली, इलेक्टर शून्य. १९६८ साली तिसऱ्या पक्षाच्या जॉर्ज वॉलेसना साडेतेरा टक्क्यांवर ४६ मिळाले, कारण त्यांची मतं दक्षिणेत एकवटलेली होती. (माणूस वंशभेदाचा पुरस्कर्ता, हेही सांगून ठेवतो.)

आणि हरूनही हे छोट्या पक्षांचे लोक काय करून जातात ते बघा. १८९२ साली ओमाहा शहरात पॉप्युलिस्ट या तिसऱ्या पक्षाने चढत्या दराचा आयकर आणि सिनेटरांची थेट निवडणूक मागितली. १९१३ साली आयकर आणि थेट निवडणूक, दोन्ही घटनादुरुस्त्या झाल्या. पक्ष मात्र तोवर संपला होता. १८९६ साली डेमोक्रॅट्सच्याच ब्रायनना उमेदवार मानून तो त्यांच्यात विरघळत गेला. १९२० साली सोशलिस्ट पक्षाचे युजीन डेब्स तुरुंगातून अध्यक्षपदासाठी लढले, तरी नऊ लाखांवर लोकांनी मत दिलं. निवडून येणार नाहीत हे त्या नऊ लाखांना कळत नव्हतं असं वाटतं का?

तर पुन्हा फ्लोरिडा. तिथल्या पाम बीच काउंटीत (जिल्ह्यात) दहा नावं मोठ्या अक्षरांत बसवायला ती दोन समोरासमोरच्या पानांवर छापली, आणि मत द्यायला पाडायची भोकं मधल्या पट्टीत. डावीकडे गोर दुसरे, पण त्यांचं भोक तिसरं. दुसरं भोक उजवीकडच्या पानावरच्या पॅट ब्युकॅनन या छोट्या पक्षाच्या उमेदवाराचं, म्हणजे गोरना मत द्यायला दुसरं भोक पाडलं की मत ब्युकॅननना. त्या एका काउंटीत ब्युकॅनन यांना ३,४०० च्या वर मतं! यावर कोणी बोलत नाही. नेडर सापडतो.

मतं फुटण्याची एवढीच भीती असेल तर उपाय आहे की. पसंतीक्रमाने मत द्या. पहिला बाद झाला की मत दुसऱ्या पसंतीला जातं. मेन राज्यात चालतं, अलास्कात चालतं. फ्लोरिडाने २०२२ साली कायदा करून ही पद्धतच बंद करून टाकली. हो, त्याच फ्लोरिडाने.