‘सनमायका लावला की पाणी लागत नाही’ : खुलासा

पुण्यातल्या कोथरूड-कर्वेनगरच्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय: ‘किचनला लॅमिनेट लावणार असाल तर आत साधा कमर्शियल प्लाय घ्या, वरून सनमायका असला की पाणी शिरतच नाही.’ हे अर्धवट खरं आहे, आणि त्या अर्ध्यावर विसंबून काम केलं की पैसे वाया जातात.

लॅमिनेट, म्हणजे आपण ज्याला सनमायका म्हणतो तो, निव्वळ प्लास्टिकचा पत्रा नव्हे. फिनॉलिक रेझिनमध्ये भिजवलेल्या क्राफ्ट कागदाचे थर, वर मेलामाइनमध्ये भिजवलेला नक्षीचा कागद, आणि हे सगळं उष्णता व प्रचंड दाबाखाली एकजीव केलेलं. १ मिमी जाडीचा, ८ बाय ४ फुटांचा शीट भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटात सहज मिळतो. त्याच्या पृष्ठभागावर चहा सांडला, हळद पडली, तर लगेच पुसली की झालं. गरम कढई मात्र थेट टेकवू नका, फोड येतो.

पण पाणी वरून शिरत नाही, कडेनं शिरतं. सिंकखालच्या कपाटाच्या दाराची खालची कड बोटानं चाचपून बघा: तिथे बहुतेक वेळा सुतारानं पट्टीच लावलेली नसते. ओल चढते, प्लाय फुगतो, लॅमिनेट सुटतं. म्हणून ओल्या जागी आयएस ७१० छापाचा (पाण्यात टिकणारा, ‘मरीन’) प्लाय घ्या आणि चारही कडांना एज बँडिंग, म्हणजे कड झाकणारी पट्टी, करून घ्या, दिसत नाहीत त्यांनाही. बेडरूमच्या वॉर्डरोबला आयएस ३०३ चा एमआर प्लाय (म्हणजे तोच साधा कमर्शियल, दमटपणा सोसणारा) खुशाल वापरा.