‘घासाघीस कराल तर औषधच मिळणार नाही’: या दाव्याला उत्तर

एक मजकूर वारंवार फिरत असतो. त्याचा सारांश असा: औषधाची किंमत संशोधनाच्या खर्चावरून ठरते. सरकारी योजना आणि विमा कंपन्या घासाघीस करू लागल्या की नवी औषधे येत नाहीत, संशोधन आटते आणि भोगतो तो रुग्ण. तेव्हा भाव बाजारावर सोडा. वाचताना पटते, म्हणूनच तो इतका फिरतो. पण यातला एकेक दुवा तपासला पाहिजे, कारण या युक्तिवादाच्या आडून माणसांच्या जिवाचे भाव ठरतात.

आधी संशोधनखर्च. हिपॅटायटिस सी या यकृताच्या आजारावरचे सोव्हाल्डी हे औषध डिसेंबर 2013 मध्ये अमेरिकेत आले. 12 आठवड्यांच्या उपचाराची किंमत 84,000 डॉलर, म्हणजे एका गोळीला 1,000 डॉलर. सिनेटच्या वित्त समितीने कंपनीची अंतर्गत कागदपत्रे तपासून 2015 मध्ये अहवाल दिला. जास्तीत जास्त उत्पन्न मिळावे या हिशेबाने ही किंमत ठरली होती, असा त्याचा निष्कर्ष होता. पुढचा भाग अधिक बोलका आहे. डिसेंबर 2014 मध्ये प्रतिस्पर्धी औषध आले. विमा योजनांसाठी औषधांच्या याद्या ठरवणाऱ्या एका मोठ्या मध्यस्थ कंपनीने त्यालाच पसंती दिली. लगेच 2015 साठी मूळ कंपनीची सरासरी सवलत 46 टक्क्यांवर जाईल, असे तिनेच जाहीर केले. संशोधनावर झालेला खर्च तर तोच होता. बदलला होता तो पैसे देणाऱ्याचा पवित्रा.

आता ‘भाव बाजारावर सोडा’. औषध लिहितो डॉक्टर, घेतो रुग्ण आणि बहुतेक पैसे भरतो तिसराच. अशा व्यवहारात पैसे देणाऱ्याचे नियम हाच बाजार असतो, आणि ते वाकडे असले की भावही वाकडे होतात. अमेरिकेत यादीत जागा मिळवण्यासाठी कंपन्या मध्यस्थांना मागल्या दाराने परतावा देतात. छापील किंमत जितकी चढी, तितका मोठा परतावा दाखवता येतो. 2023 च्या जानेवारीत संधिवातावरच्या ह्युमिरा या औषधाला पर्याय म्हणून आलेले अमजेविटा एकाच वेळी दोन छापील किमतींना विकायला ठेवले गेले: एक ह्युमिरापेक्षा 5 टक्के कमी, दुसरी 55 टक्के कमी. औषध तेच! महाग आवृत्ती होती परताव्यावर चालणाऱ्या योजनांसाठी. आणि ज्याला आपला हिस्सा छापील किमतीच्या टक्केवारीत भरावा लागतो, त्या रुग्णाला परताव्याचा पैसा दिसतही नाही. विमा कंपन्या आणि मध्यस्थ इथे निर्दोष नाहीत, हे मला स्पष्ट म्हणायचे आहे.

नियम सरळ केला की काय होते? इन्सुलिन बघा. कंपनीने महागाईपेक्षा जास्त दरवाढ केली, तर अमेरिकेतल्या गरिबांसाठीच्या मेडिकेड या सरकारी योजनेला तिने जादा परतावा द्यायचा असतो. त्याला औषधाच्या सरासरी किमतीइतकी कमाल मर्यादा होती. ती 1 जानेवारी 2024 पासून उठली. वर्षानुवर्षे भाव चढवलेल्या कंपन्यांना आता योजनेला औषधाच्या किमतीहून जास्त रक्कम देण्याची वेळ येणार होती. 2023 मध्येच तिन्ही मोठ्या उत्पादकांनी आपल्या प्रमुख इन्सुलिनच्या छापील किमती 70 टक्के किंवा त्याहून अधिक उतरवत असल्याचे जाहीर केले. राजकीय दबावही होताच, पण या नियमाचा धाक मोठा होता.

‘औषधे येत नाहीत’ या मुद्द्यात मात्र तथ्य आहे आणि ते नाकारणे अप्रामाणिक ठरेल. सिस्टिक फायब्रोसिस या फुफ्फुसांच्या आनुवंशिक आजारावरच्या ऑर्कांबी या औषधासाठी, किमतीची बोलणी रखडल्याने, इंग्लंडमधल्या कुटुंबांना 2019 च्या ऑक्टोबरपर्यंत, कित्येक वर्षे, वाट पाहावी लागली. सोव्हाल्डीच्या काळात अमेरिकेतल्या अनेक राज्यांनी यकृत बरेच खराब झाल्याशिवाय औषध मंजूर केले नाही. ही क्रूर धोरणे होती. पण घासाघीस आणि अडवणूक एकच नव्हे. जर्मनीत 2011 पासून नवे औषध आधी रुग्णांना मिळू लागते, जुन्या उपचारांपेक्षा ते किती सरस आहे याचे मूल्यमापन नंतर होते, आणि त्यावरून किंमत ठरते. तिथेही कधी बोलणी फिसकटतात: रक्ताच्या आनुवंशिक विकारावरची झिंटेग्लो ही जनुकोपचार पद्धती 2021 मध्ये तिथून मागे घेतली गेली. तरी बोलणी संपेपर्यंत रुग्णाला दाराबाहेर उभे करावे लागत नाही.

शिवाय पैसे देणाऱ्याचा नकार कधी योग्यही असतो. अल्झायमरवरच्या अडुहेल्मला 2021 मध्ये वादग्रस्त पुराव्यावर मंजुरी मिळाली, वर्षाला 56,000 डॉलर किमतीने. टीकेनंतर किंमत निम्म्यावर आली. ज्येष्ठांसाठीच्या मेडिकेअर या अमेरिकी सरकारी योजनेने ते चाचण्यांपुरतेच मान्य केले आणि 2024 मध्ये कंपनीने ते सोडून दिले.

उरला संशोधन आटण्याचा मुद्दा. 2022 च्या कायद्याने मेडिकेअरला काही औषधांच्या किमतींची बोलणी करण्याचा अधिकार दिला आणि पहिल्या 10 औषधांच्या ठरलेल्या किमती जानेवारी 2026 पासून लागू झाल्या. अमेरिकी संसदेच्या अर्थसंकल्प कार्यालयाचा अंदाज होता की 30 वर्षांत अपेक्षित सुमारे 1,300 औषधांपैकी 13 च्या आसपास कमी येतील. म्हणजे 1 टक्का. ज्या रुग्णाचे औषध त्या 13 मध्ये असेल त्याच्यासाठी हा आकडा लहान नाही. पण त्यासाठी टीका करायचीच तर कायद्यातल्या एका खऱ्या दोषावर करावी. गोळ्यांसारख्या औषधांना मंजुरीनंतर साधारण 9 वर्षांनी ठरलेली किंमत लागू होऊ शकते, तर जैविक औषधांना, म्हणजे सजीव पेशींपासून बनवलेल्या औषधांना, 13 वर्षांनी. त्यामुळे गुंतवणूक गोळ्यांपासून दूर सरकू शकते. दोन्ही मुदती सारख्या करता येतील, आणि त्यासाठी बोलणीचा अधिकारच काढून घ्यायची गरज नाही.