व्हिसा लिहिलेलं कार्ड म्हणजे क्रेडिट कार्ड नाही, मेसेज पुढे पाठवू नका

जळगाव-भुसावळच्या ग्रुपांवर मेसेज फिरतोय की रुपे म्हणजे डेबिट आणि व्हिसा-मास्टरकार्ड म्हणजे क्रेडिट, त्यावर व्याज लागतं म्हणून बँकेत परत करा. मीपण परवा तो पुढे ढकलला होता, चूक माझीच. आमचे आप्पा केळीचे पैसे जमा होणारं कार्ड घेऊन निघालेच होते परत करायला, तेव्हा हातात घेऊन पाहिलं तर व्हिसाच्या चिन्हाजवळच बारीक अक्षरात डेबिट लिहिलेलं!

तर भाऊ, रुपे, व्हिसा ही नुसती नेटवर्कची नावं आहेत, म्हणजे पैशांचा निरोप कोणत्या रस्त्याने जातो तेवढंच. रुपे २०१२ साली आपल्या एनपीसीआयने, म्हणजे यूपीआय चालवणाऱ्या भारतीय संस्थेने काढलं, आणि रुपेचं क्रेडिट कार्डपण मिळतं, ते तर यूपीआयलाही जोडता येतं. डेबिटने तुमच्याच खात्यातले पैसे जातात, तिथे व्याजाचा प्रश्नच नाही. क्रेडिट म्हणजे बँकेची उधारी, बिल तारखेच्या आत पूर्ण भरलं तर खरेदीवर व्याज नाही, पण त्याच कार्डाने एटीएममधून रोख काढली तर सहसा त्याच दिवसापासून व्याजाचं मीटर चालू आणि वरून चार्ज वेगळा. प्रीपेडमध्ये आधी भरले तेवढेच खर्च होतात.

जुना मेसेज डिलीट करा, ज्यांना पाठवला त्यांना हा पाठवा.