मेगरवर पास झालेली मोटर का जळते? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

जुन्या मोठ्या मोटरी पारखून घेण्यावरच्या लेखाखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया लांब आहे आणि रागाची आहे. बाकीच्या वाचकांसाठी तिचा सारांश देतो. उपसा योजनेवर तुम्ही १८० एचपीची, म्हणजे १३२ किलोवॉटची जुनी मोटर घेतली. मेगरवर, म्हणजे इन्सुलेशन मोजणाऱ्या मीटरवर, ती चांगली होती, तरी २२ दिवसांत जळाली. त्यावरून तुमचे तीन आक्षेप आहेत: तपासण्यांना अर्थ नाही, रिवाइंड केलेली (जुनं वाइंडिंग, म्हणजे आतल्या तारेच्या कॉइली, काढून नवं भरलेली) मोटर कधीच पहिल्यासारखी होत नाही, आणि जुनी मोटर लाइट बिलातच नव्या मोटरीचे पैसे खाते. ऐन पाण्याच्या पाळीत पंप बंद पडला की उभ्या उसाचं काय होतं हे ठाऊक असलेल्या कोणालाही तुमचा राग पटेल. म्हणून एकेका मुद्द्याचं नीट उत्तर देतो.

आधी माझी चूक. लेखात मेगरच्या रीडिंगसाठी ‘किमान ५ मेगोहम’ एवढंच होतं, तापमान दिलं नव्हतं. ४१५ व्होल्टच्या, तारेच्या कॉइली भरलेल्या मोटरीसाठी हा आकडा वाइंडिंग ४० अंश सेल्सिअसला असतानाचा आहे. वाइंडिंग १० अंशांनी तापलं की रीडिंग साधारण निम्म्यावर येतं. त्यामुळे पहाटे २० अंशांना १० मेगोहम दाखवणारी मोटर ४० अंशांच्या हिशेबात अडीच मेगोहमचीच असते, म्हणजे नापास. लेखात तशी दुरुस्ती केली आहे.

पण तुमची मोटर त्यामुळे गेली असं वाटत नाही. मेगर फक्त वाइंडिंग आणि बॉडी यांच्यामधलं इन्सुलेशन बघतो. एकाच कॉइलमधल्या तारेच्या दोन शेजारच्या फेऱ्यांमधलं इनॅमल (तारेवरचा इन्सुलेशनचा लेप) गेलं असेल, तर ते त्याला दिसत नाही. काटा खुशाल इन्फिनिटीवर जातो. असा कमजोर फेरा मोटर चालू-बंद करतानाच्या झटक्यांनी कधीतरी फुटतो. मग तेवढा भाग शॉर्ट झालेल्या ट्रान्सफॉर्मरसारखा वागतो आणि पुढचा खेळ काही मिनिटांचा असतो. हे आधी पकडायचं तर सर्ज टेस्ट लागते. तिच्यात दोन फेजना सारखाच पल्स देतात आणि स्क्रीनवर दोन्ही लहरी एकमेकींवर तंतोतंत बसायला हव्यात. एक जरी सरकली तरी मोटर घेऊ नका. मोठ्या रिवाइंडिंगवाल्यांकडे हे यंत्र असतं. सोबत तिन्ही फेजचा रेझिस्टन्स मायक्रो-ओहम मीटरने मोजून घ्या. एवढ्या मोटरीत तो ओहमच्या शतांशांत असतो, साध्या मल्टिमीटरवर नुसती वायरच मोजली जाते. तीन फेजमध्ये २ टक्क्यांहून जास्त फरक असेल तर फेरे कमी-जास्त भरलेत किंवा एखादा सांधा कच्चा आहे.

दुसऱ्या आक्षेपावर माझं मत वेगळं आहे, आणि ते ठाम आहे. मोटर नवं वाइंडिंग भरल्याने बिघडत नाही, जुनं काढताना बिघडते. तांबं बदलता येतं, स्टँपिंग (कोअरचे पत्रे) बदलता येत नाही. स्टेटरचा, म्हणजे मोटरीच्या न फिरणाऱ्या भागाचा, कोअर म्हणजे साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या पत्र्यांची थप्पी, आणि प्रत्येक पत्र्यावर इन्सुलेशनचा पातळ थर. कॉइली लवकर सुटाव्यात म्हणून गॅसची ज्योत थेट स्लॉटात (कॉइली बसतात त्या खाचेत) मारली की त्या जागचा थर जळतो, पत्रे आपापसांत शॉर्ट होतात, तिथे एडी करंट (लोखंडातच भोवऱ्यासारखा फिरणारा करंट) फिरू लागतो आणि नवं वाइंडिंग त्या जागी आतून भाजत राहतं. हेच काम भट्टीत, कोअरला थर्मोकपल लावून, ३६० अंशांच्या आत ठेवून केलं, काढलेल्या तांब्याची गेज, फेरे आणि वजन लिहून ठेवलं आणि तेवढंच परत भरलं, तर एफिशियन्सीत नाव घेण्यासारखा फरक पडत नाही.

म्हणून जुन्या मोटरीत आधी कोअर बघायचा, वाइंडिंग नंतर. रोटर (फिरणारा भाग) बाहेर काढून बोअरमध्ये, म्हणजे त्याच्या रिकाम्या पोकळीत, बॅटरी मारा. टोकाचे दात (दोन स्लॉटांमधला पत्र्याचा भाग) फाकलेले दिसतात का, स्लॉटच्या तोंडाशी कानशीचे ओरखडे आहेत का, कुठे वितळलेल्या लोखंडाचा थेंब किंवा निळसर डाग आहे का, रोटर घासल्याची चकचकीत पट्टी आहे का?

डोळ्यांना न दिसणारं लूप टेस्टमध्ये दिसतं. रिकाम्या बोअरमधून आत आणि बॉडीवरून बाहेर असे केबलचे फेरे घ्यायचे. किती, ते मापावरून काढता येतं. समजा कोअरची लांबी ४०० मि.मी. आहे आणि स्लॉटच्या तळापासून कोअरच्या बाहेरच्या कडेपर्यंत ५५ मि.मी. भरतात. गुणाकारातून पत्र्यांवरच्या थरापोटी ५ टक्के वजा केले की ०.०२०९ चौरस मीटर येतात. त्याला ४.४४, ५० हर्ट्झ आणि १.३ टेस्ला यांनी गुणा: फेऱ्यामागे साधारण ६ व्होल्ट. म्हणजे २३० व्होल्टला ३८ फेरे. करंट १५ अँपिअरच्या आसपास राहतो, ४ चौरस मि.मी.ची केबल पुरते, पण एमसीबी लावल्याशिवाय जोडू नका. अर्धा तास चालवा, सप्लाय बंद करा आणि बोअरमध्ये हात फिरवा, थर्मल कॅमेरा असेल तर उत्तमच. सगळीकडे सारखं कोमट लागलं तर कोअर शाबूत आहे. एखादी जागा बाकीच्यापेक्षा १० अंशांनी किंवा जास्त तापली असेल आणि ती दोन-चार दातांपुरतीच असेल, तर पत्रे सुटे करून मध्ये वार्निश सोडता येतं. डाग पसरलेला असेल तर त्या मोटरीला भंगाराचा भाव द्या, एक रुपया जास्त नको. विकणारा रोटर काढू देत नसेल तरीही हाच भाव.

रोटरचंही तेच. बेअरिंग बसून रोटर घासला की कधी कधी तो लेथवर घेऊन गुळगुळीत करतात. या आकारात एअर गॅप (रोटर आणि स्टेटर यांच्यामधली फट) एक-दीड मि.मी. असतो. तो पाव मि.मी.ने वाढला तरी नो-लोड करंट (मोटर रिकामी फिरताना घेते तो) चढतो आणि पॉवर फॅक्टर पडतो, मग वाइंडिंग कितीही चांगलं भरा. फीलर गेजने दोन्ही टोकांना चार-चार ठिकाणी गॅप मोजा. बेअरिंगची मात्र धास्ती नको, ती बदलायचीच असतात. एंड कव्हरमध्ये बेअरिंगची आउटर रेस फिरून घर मोठं झालंय का एवढं मायक्रोमीटरने बघा. झालं असेल तर स्लीव्ह मारावी लागेल आणि तो खर्च किमतीतून वजा करावा लागेल.

नो-लोड चाचणीत एक फसगत वारंवार होते. १३२ किलोवॉटची चार पोलची मोटर डेल्टात (तिच्या नेहमीच्या जोडणीत) ४१५ व्होल्टवर रिकामी साधारण ६५ ते ७५ अँपिअर घेते. दुकानात तीच स्टारमध्ये, म्हणजे प्रत्येक फेजला कमी व्होल्ट मिळणाऱ्या जोडणीत, फिरवून दाखवतात. तेव्हा टाँग टेस्टरवर (क्लॅम्प मीटरवर) वीसेक अँपिअर दिसतात आणि घेणारा खूश होतो. टर्मिनल बॉक्स उघडून पट्ट्या कशा लावल्यात ते आधी बघा. डेल्टात १००च्या वर जात असेल तर फेरे कमी भरलेत, गॅप वाढलाय किंवा मोटर मुळात आपल्या फ्रिक्वेन्सीची नाही. अलंगच्या किंवा मुंबईतल्या दारूखान्याच्या जहाजतोडणीतून आलेल्या जहाजावरच्या मोटरी बहुधा ४४० व्होल्ट, ६० हर्ट्झच्या असतात. ५० हर्ट्झला त्यांना ३६७ व्होल्टच मानवतात. आपल्या ४१५ वर कोअरमध्ये १३ टक्के जास्त चुंबकीय फ्लक्स जातो आणि मोटर रिकामीच तापते. नेमप्लेटवर हर्ट्झचा आकडा वाचल्याशिवाय पैसे काढू नयेत.

आता लाइट बिल. इथे तुमचं म्हणणं निम्मं खरं आहे. या आकारातल्या नव्या आयई-३ (जास्त एफिशियन्सीच्या वर्गातल्या) मोटरीची एफिशियन्सी ९५.६ टक्के असते. जुनी, एकदा रिवाइंड झालेली ९२.५ धरू. पूर्ण लोडवर नवीला १३८.१ किलोवॉट लागतात, जुनीला १४२.७, म्हणजे तासाला साडेचार युनिटांहून थोडा जास्त फरक. वर्षाला ७,००० तास चालणाऱ्या कारखान्यातल्या ब्लोअरवर हा फरक ३२,००० युनिटांचा होतो. तिथे जुनी मोटर फुकट मिळाली तरी मी लावू नका म्हणेन. पाळीपाळीने मिळून १,२०० तास चालणाऱ्या पंपावर तो साडेपाच हजार युनिटांचा आहे. त्याला तुमच्या बिलावरच्या दराने गुणा आणि किमतीतल्या फरकाशी ताडून बघा. स्टँडबाय म्हणून ठेवायची असेल तर हा प्रश्नच उरत नाही. तिथे जुनी, पण कोअर शाबूत असलेली मोटर घेण्यात शहाणपणच आहे.

शेवटी तुमच्या जळालेल्या मोटरीबद्दल. ती भंगारात घालू नका. एंड कव्हर काढून वाइंडिंग कुठे काळं पडलंय ते बघा. सगळीकडे सारखं काळं असेल तर ओव्हरलोड किंवा हवा कोंडलेली. एकाच स्लॉटापाशी खड्डा पडून तांबं वितळलं असेल तर फेऱ्यातला किंवा अर्थचा दोष, आणि तिथे विकणारा जबाबदार. पण गोल फिरत चार ठिकाणी, एकाच फेजचे गट काळे आणि मधले गट पहिल्यासारखे असतील, तर डेल्टात चालताना एक फेज गेली होती. या शेवटच्या प्रकारात मोटर नवी असती तरी जळाली असती.

असं दिसलं तर लगेच स्टार-डेल्टा स्टार्टरचा (मोटर स्टारमध्ये सुरू करून डेल्टात नेणाऱ्याचा) ओव्हरलोड रिले, म्हणजे करंट वाढला की मोटर बंद करणारा भाग, बघा. तो मेन लाइनमध्ये नसून फेजच्या वायरींत बसवलेला असेल, तर सेटिंग फुल लोड करंटच्या ०.५८ पट हवं: २२५ अँपिअरच्या मोटरीला १३०. तिथे नेमप्लेटवरचे २२५ लावून ठेवलेले असतात, आणि मग रिले असून नसल्यासारखा होतो. रिले कुठे बसवलाय, डायल कितीवर आहे आणि वाइंडिंग कुठे काळं आहे, एवढं कळवा. तोवर त्या स्टार्टरला दुसरी मोटर जोडू नका.